पेज, पट आणि दंडार

एखाद्या लोकसमूहाचे वर्णन करावयास बसलेला ग्रंथकार इतिहास, धर्म, भाषा, शेती आणि व्यापार यांना भरपूर पाने देतो आणि शेवटी, हात दमल्यावर, ‘लोकांच्या आवडीनिवडी’ या मथळ्याखाली एक परिच्छेद लिहून मोकळा होतो. दोन खेळ, तीन पदार्थ आणि एखादा छंद एवढी त्या परिच्छेदाची सामग्री. वाचकही तो परिच्छेद तोंडी लावण्यासारखा वाचतो. वस्तुतः माणसाचे आयुष्य राज्यक्रांत्यांत फारसे जात नाही; ते जेवण्यात, खेळण्यात आणि काम आटोपल्यावर चार माणसांत बसण्यात जाते. जी गोष्ट आयुष्यात एवढी मोठी, ती ग्रंथात एवढी लहान का व्हावी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दूरचे एक उदाहरण घेऊ. फिलिपाईन बेटांतील लोकांविषयी आपल्याकडील सुशिक्षितास काय ठाऊक असते? बास्केटबॉल त्यांना फार प्रिय, कराओकेवर गाण्याचा त्यांना नाद, आणि अडोबो हे त्यांचे आवडते कालवण. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण या तिन्हींतून फिलिपिनो माणूस डोळ्यांपुढे उभा राहात नाही. बास्केटबॉल तेथे अमेरिकन अंमलाबरोबर शाळांतून आला आणि पुढे इतका रुजला की १९७५ साली आशियातील पहिली व्यावसायिक संघमाला तेथेच निघाली. अडोबो हे नाव स्पॅनिश, परंतु मांस शिरक्यात शिजवून टिकविण्याची रीत स्पॅनिश लोक येण्यापूर्वीची. म्हणजे नाव पाहुण्याचे आणि रीत घरची. आणि घरात कोणी आजारी पडले म्हणजे तेथील आई ‘लुगाव’ नावाची तांदळाची पातळ लापशी करते, हे कळताच गोव्या-कारवारचा वाचक चमकतो. कारण ती त्याची पेज आहे. यादीने जे साधले नाही ते या एका वाडग्याने साधले.

यादी आणि साक्ष यांतील भेद तो हाच. न्यायालयात नुसत्या नावांच्या यादीला किंमत नसते. साक्षीदाराने पाहिले काय, केव्हा, कोठून, आणि ते तसे का घडले असे त्याला वाटते, हे उलटतपासात टिकले तर त्याच्या शब्दाला वजन. लोकांच्या घासाविषयी आणि खेळाविषयी लिहिणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पदार्थ कोणता, हे सांगून भागणार नाही. तो दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणाच्या हातून, कोणत्या पिकातून आणि कशाच्या अभावी, हे सांगितले पाहिजे.

ही कसोटी आता घराजवळ लावू. प्रस्तुत लेखक ज्या जिल्ह्यात वकिली करतो तो बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी यांचे तुकडे जोडून बनविण्यात आला. खाली वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची सपाट जमीन, वर बैहरचे जंगली पठार. खाली पोवार, मरार, लोधी, कुणबी. वर गोंड आणि बैगा. १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच प्रांतात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. वैनगंगेने मात्र आपला मार्ग बदलला नाही. ती आजही शिवनीहून बालाघाटास येते आणि पुढे महाराष्ट्रात उतरते. नदीकाठची बोली, सण, पीक आणि खेळ हेही तिच्याबरोबर खाली उतरतात. ग्रंथ मात्र सीमेवर थांबतात. मराठी ग्रंथ गोंदियाच्या पुढे क्वचित येतो आणि हिंदी ग्रंथाला हा मुलूख आपल्या घराच्या पडवीसारखा वाटतो. दोन घरांच्या मधल्या भिंतीची डागडुजी कोणीच करीत नाही, तशी ही स्थिती आहे.

प्रथम घासाविषयी. बैहरच्या पठारावरील गोंड आणि बैगा कोदो, कुटकी किंवा मका पाण्यात शिजवून जी पातळ लापशी पितात, तिचे नाव ‘पेज’. रत्नागिरीत, गोव्यात आणि कानडा जिल्ह्यात तांदळाची जी होते तीही पेज. मधे सह्याद्री, दख्खनचे पठार आणि सारा वऱ्हाड. तरी शब्द एकच. संस्कृतातील ‘पेया’ प्राकृतात ‘पेज्जा’ झाली आणि तेथून ‘पेज’. आयुर्वेदाने मंड, पेया आणि विलेपी असे पातळापासून दाटापर्यंतचे जे प्रकार सांगितले, त्यांपैकी मधला प्रकार दोन टोकांच्या दोन समाजांनी आपापल्या धान्यात जिवंत ठेवला. कोंकणी घरात सकाळच्या कामानंतर उकड्या तांदळाची पेज, तिच्यावर तुपाचा थेंब आणि शेजारी लोणच्याची फोड असते. येथे तूप नसते आणि पुष्कळदा लोणचेही नसते, रानातली भाजी असते. कोंकणीभाषी वाचकाने हे वाचून केवळ कौतुक करू नये. आपल्याकडे पेज हलक्या पोटाचे अन्न झाली आहे, तेथे ती रिकाम्या पोटाची सोबतीण आहे. एका शब्दाखाली असे दोन अर्थ राहतात, आणि ते वेगळे करून दाखविणे हेच लेखकाचे काम.

हे काम आजवर कोणी किती केले? सी. ई. लो यांचे बालाघाट जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ साली निघाले. अशा ग्रंथांचा साचा ठरलेला असतो: भूमी, इतिहास, लोक, शेती, महसूल. नोंदी नेटक्या, आकडे विश्वसनीय. परंतु सरकारी नजर ही शेवटी सारा वसूल करणाराची नजर. शेतकरी काय पिकवितो हे तिला दिसते, तो त्यातून काय ठेवतो आणि कोणत्या रात्री ते खातो हे तिला अंधुक दिसते. त्यानंतर १९३९ साली व्हेरियर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा मोठा ग्रंथ आला. एल्विन त्या लोकांत राहिले होते, त्यामुळे त्यांच्या पानांना माणसाचा वास आहे. मात्र त्यांचे सारे प्रेम डोंगरावर खर्च झाले. डोंगराखालचा पोवार, मरार किंवा कुणबी शेतकरी, जो या जिल्ह्याचे धान पिकवितो, त्याला कोणी एल्विन भेटला नाही.

मराठी पाकग्रंथांकडे वळले तर तेथेही त्याची निराशाच होते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली हजार पाकक्रिया घेऊन आले. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने दोन पिढ्यांतील नव्या गृहिणींना धीर दिला. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत आणि त्यांनी जे करावयाचे ठरविले ते उत्तम केले. परंतु पाकग्रंथाला कृती हवी असते, आणि ज्या अन्नाला सांगण्याजोगी कृती नाही ते त्याच्या उंबरठ्याबाहेर राहते. शिवाय त्याची वाचक ही शहरातील मध्यमवर्गीय घरची. अशा रीतीने वैनगंगेकाठच्या सामान्य शेतकऱ्याचे ताट दोहोंकडून सुटले. ते विचित्र नाही म्हणून संशोधकाला नको, आणि प्रतिष्ठित नाही म्हणून पाकग्रंथाला नको.

त्याच्या ताटातील एकच वस्तू पाहा: लाखोळीची डाळ. उभ्या धानात, कापणीपूर्वीच, ओलसर चिखलावर लाखोळीचे बी टाकतात. धान निघाले की शेतात उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. नांगर नको, पाणी नको. गरिबाला याहून स्वस्त डाळ मिळणार नाही. पण दुष्काळात तीच एक डाळ महिनोन् महिने खाल्ल्याने पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने आपली बंदी २००८ साली उठविली. या डाळीत पीकपद्धती आहे, दारिद्र्य आहे, रोग आहे आणि कायदा आहे. तिच्यावर एक प्रकरण लिहिता येईल. आपण तिच्यावर एक ओळही लिहीत नाही. लिहिलीच तर ‘येथील लोक लाखोळीची डाळ आवडीने खातात’ एवढी लिहितो. ‘आवडीने’ हा शब्द येथे किती निष्काळजीपणाचा आहे! आवड आणि नाइलाज यांतील सीमा न पाहणारा लेखक साक्षीदार म्हणून पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

या संदर्भात आपल्या वाचकांच्या घरी असलेल्या एका ग्रंथाचा आदराने उल्लेख केला पाहिजे. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत काढलेली ‘रसचंद्रिका’ हा नुसता पाकग्रंथ नव्हे. पदार्थांबरोबर तिच्यात सणवार आहेत आणि घरगुती औषधेही आहेत. म्हणजे कोणते अन्न देवापुढे, कोणते दुखणाइतापुढे आणि कोणते रोजच्या पानावर, याचे उत्तर एकाच पुस्तकात मिळते. समाज लहान, पण त्याने आपली साक्ष आपण दिली आणि ती स्त्रियांच्या तोंडून दिली. मला विचाराल तर वैनगंगेच्या खोऱ्याला आज हव्या असलेल्या ग्रंथाचा नमुना गॅझेटियर नव्हे, ‘रसचंद्रिका’ आहे.

अशा साक्षीचा उपयोग केवळ भावनेपुरता नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा तांदूळ सुवासिक, शिजल्यावर मऊ, खिरीला विशेष चांगला. पण तो उशिरा तयार होतो आणि एकरी उतारा कमी देतो, म्हणून संकरित बियाण्यांपुढे मागे पडत गेला. १९९९ च्या कायद्याप्रमाणे निर्देशांक मागताना मालाचे वर्णन, प्रदेशाचा नकाशा आणि उत्पादनाची रीत यांबरोबरच उगमाचा पुरावा द्यावा लागतो. हा माल या मातीत पूर्वीपासून आहे, हे कागदाने दाखवावे लागते. तो कागद कोठून यावयाचा? ज्याने कधी काळी आपल्या अन्नाविषयी काळजीपूर्वक लिहिले त्याच्याकडून. चिन्नोर सीमेपलीकडे भंडाऱ्यातही पिकतो. राज्ये दोन झाली म्हणून भाताचा वास बदलत नाही. कायद्याला मात्र प्रत्येक बाजूचा दाखला स्वतंत्र हवा असतो.

आता खेळ. मराठीने खेळांची उपेक्षा केली असे कोणी म्हणणार नाही. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ पासून काढलेले ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड ही कोणत्याही भाषेला भूषणभूत अशी कामगिरी आहे. त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. हुतुतूला नियम मिळाले, मैदानाची मापे मिळाली, ‘कबड्डी’ हे नाव मिळाले आणि १९९० साली तो आशियाई स्पर्धांत पोहोचला. हे सर्व अभिमानास्पद आहे. तथापि नियमबद्ध होताना खेळाचा एक भाग गळून पडतो, त्याची नोंद कोशाने ठेवली नाही. खेळाला ऋतू असतो. आमच्याकडे गेडी हा पोरांचा खेळ श्रावणात सुरू होतो. बांबूच्या दोन काठ्यांना पावठे बांधून त्यांवर तोल सांभाळीत चालावयाचे. पावसाळ्यातील चिखल हे तिचे कारण आणि पोळ्याच्या सुमारास तिची समाप्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, तसे येथे नारबोद गावाबाहेर घालवितात. रोगराई, ईडापीडा तिच्याबरोबर जावी ही प्रार्थना. गेडीची मापे देऊन हा खेळ समजणार नाही. तो चिखल, सण आणि रोगाचे भय यांच्या मधोमध उभा आहे.

खेळांतील सर्वांत वादग्रस्त तो शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. भंडारा-गोंदियाकडे धान घरात आल्यावर पट भरतात आणि त्यानिमित्त पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती निषिद्ध ठरविल्या. जल्लिकट्टूच्या चालू स्वरूपाला परंपरेचा आधार आहे हेही तेव्हा न्यायालयाने मान्य केले नाही. पुढे तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. दक्षिण कानडातील आपल्या वाचकांच्या परिचयाचा कंबळा त्याच निकालात आहे. एखादी प्रथा संस्कृतीचे अविभाज्य अंग आहे की नाही, याची खोल चिकित्सा न्यायालयाने करू नये, विधिमंडळाने तसा निष्कर्ष काढला असेल तर तो आम्ही मोडणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मध्य प्रदेशाचा कायदा त्या तिघांत नव्हता. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या काठावरील एकाच जातीच्या करमणुकीपुढे कायद्याचे प्रश्न वेगवेगळे.

बैलाला क्लेश देण्याचे समर्थन मी करीत नाही. पराणी टोचून पळविलेल्या जनावराच्या अंगावरील व्रण हाही पुरावाच आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून ‘आमची संस्कृती’ असा घोष करणारा लेखक खोटी साक्ष देतो. माझे म्हणणे एवढेच की, न्यायालयात दोन्ही बाजू ‘संस्कृती’ हा शब्द उच्चारतात तेव्हा त्या शब्दामागे ठेवावयास प्रामाणिक वर्णन हवे. पट कधी भरतो, बैल वर्षभर कसा पोसला जातो, पराणी केव्हा वापरतात आणि केव्हा वापरीत नाहीत, बक्षिसाची रक्कम वाढल्यावर काय बदलले, हे कोणी अलिप्तपणे लिहून ठेवले असते, तर कायद्याला खेळ राखून क्रौर्य कापणे सोपे गेले असते. रूढी सिद्ध करावयाची तर ती ज्यांना माहीत असण्याचा संभव आहे अशांचे मत ग्राह्य धरावे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्यातून आत येणारा साक्षीदार आपण तयार केला नाही.

राहिला रिकामा वेळ. पुण्याचा वाचक ‘मंडई’ म्हटले की भाजी आठवतो. वैनगंगेकाठी दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा म्हणजे मंडई. दिवसा दुकाने, गोवाऱ्यांचा नाच, लेकीबाळींच्या भेटी, रात्री दंडार. पुरुषच स्त्रीवेष घेतात, ढोलकी पहाटेपर्यंत थांबत नाही, आणि काल धान कापणारा आज राजा होतो. या दंडारीच्या शेजारी झाडीपट्टीची नाटकमंडळी उभी राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिचे केंद्र, आणि तेथील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिची लोकरंगभूमी यांकडे मराठीचे लक्ष वेधले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरी आपल्या समीक्षेत या रंगभूमीचा उल्लेख झाला म्हणजे पुण्या-मुंबईच्या नाटकाला लावण्याची मापे तिला लावतात, नाहीतर ‘भोळे, निरागस लोक’ म्हणून तिची पाठ थोपटतात. दोन्ही अपमानच आहेत. रात्रभर थंडीत बसून नाटक पाहणारा प्रेक्षक भोळा नसतो. तो तिकीट काढून येतो आणि नट कच्चा असला तर तसे सांगतो. त्याचे कान कशाला टवकारतात, हे विचारावयास कोणी त्याच्या शेजारी जाऊन बसत नाही.

येथे एक सावधगिरी. लोकांच्या आवडीनिवडींवर प्रेम करणारे पुष्कळ लेखन शेवटी जुन्या काळाच्या आठवणीत विरघळते. त्या लेखनात पंगत दिसते, पण पंगतीत कोण बसले आणि कोण अंगणात थांबले हे दिसत नाही. पेजेचा वाडगा दिसतो, पण तो सर्वांच्या शेवटी कोणी उचलला हे दिसत नाही. जत्रेतील मोहाची दारू आणि तिने बुडालेली घरेही दिसत नाहीत. असे लेखन गोड असते आणि पुराव्याला निरुपयोगी असते. दुसरे टोक म्हणजे अहवाल. त्यात सर्व काही असते, फक्त चव नसते. या दोहोंमधून वाट काढणे कठीण असले तरी अशक्य नाही. आठ दशकांपूर्वी काही गृहिणींनी ती आपल्या स्वयंपाकघरातून काढून दाखविली आहे.

काळ फार थांबणार नाही. कोदो-कुटकीच्या जागी रेशनचा तांदूळ आला. गेडीवर चढलेल्या मुलाला मोबाईल खाली बोलावतो. चिन्नोर पेरणारे थोडे आहेत. यांतील पुष्कळ बदल भल्यासाठी आहेत आणि पोटभर भात मिळू लागलेल्या माणसाला कोदो खाण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जे जात आहे ते काय होते, हे तरी नीट लिहून जावे. येथील शाळामास्तर, येथील गृहिणी, येथील पाटकरी यांनी ते स्वतःच्या बोलीत लिहावे. पोवारीत लिहावे, गोंडीत लिहावे, मराठीत लिहावे. ज्या नियतकालिकात मराठी आणि कोंकणी एका पानावर गुण्यागोविंदाने नांदतात, त्याच्या वाचकांना बोलीचे मोल सांगणे नलगे. ज्या समाजाने आपल्या पेजेची साक्ष आपण दिली आहे, त्याने दुसऱ्याच्या पेजेची साक्ष निघावी म्हणून हात द्यावा, एवढीच अपेक्षा.